उठत्या बाजाराचा माणूस

भाऊंना कंजूस म्हणणाऱ्यांनी भाऊंच्या हातचं भरीत खाल्लेलं नसतं. मी ते वर्षानुवर्षं खाल्लं आहे. आज माझ्या शर्टाच्या बटणांना छळणारी जी ढेरी आहे, तिचा पाया नांदेडच्या त्या पत्र्याच्या खोलीत घातला गेला, आणि तोही जवळजवळ काही खर्च न करता.

मी धबधब्याकडच्या इस्लापूरहून पीएच.डी. करायला नांदेडला आलो तेव्हा माझ्याकडे एक गादी, एक पेटी आणि फेलोशिप मिळणार असल्याची एक अफवा होती. गादी टिकली. भाऊ तेव्हा आधीपासूनच संशोधन करत होते, आणि किती आधीपासून हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विभागातली टवाळ पोरं म्हणायची, भाऊंनी नोंदणी केली त्या दिवशी लावलेल्या लिंबाखाली आता गाड्या उभ्या राहतात. औश्याकडच्या एका खेड्यातला हा उंच, काटकुळा माणूस. विषय अर्थशास्त्र, प्रबंध मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांवर. प्रबंध पुढे सरकत नव्हता, कारण बाजारात गेलं की भाऊ माहिती गोळा करायची सोडून मेथी निवडायला बसत.

लोक भाड्याची खोली बघताना पाणी बघतात, संडास बघतात. भाऊ मालकिणीचं स्वयंपाकघर बघायचे. आमची मालकीण म्हणजे आपा, जुन्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यातली, साड्यांना फॉल-पिको करून घर चालवणारी. तिच्या शिलाई मशीनला तेल घालणं, पट्टा बसवणं, दोरा सारखा का तुटतो ते बघणं, हे भाऊंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आपा म्हणायची, "मियाँ, तुम्हारे हाथ में शिफा है. मशीन कू बी मालूम पड़ता." आणि शुक्रवारी जिन्यावरून दालच्याचं, म्हणजे मटण घातलेल्या आंबट डाळीचं, पातेलं वर यायचं. पातेलं भाऊ कधी रिकामं परत पाठवत नसत. कधी त्यात चार कवठं असायची, कधी निवडलेली चवळी. मी एकदा घाईत नुसतं धुऊन परत दिलं, तर भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात बसायचं आणि ते वाक्य ते मला रोज ऐकवायचे. "स्वस्तात राहावं, फुकटात न्हाई. स्वस्त खाल्लेलं अंगी लागतंय, फुकटं न्हाई लागत."

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो हे ऐकून मी मनातल्या मनात माझ्या जेवणाचा पुढच्या कैक वर्षांचा बंदोबस्त करून टाकला होता. भाऊंना तसं बोललोही. ते डोक्याला रुमाल बांधून मला घेऊन गेले आणि पंगतीत बसवायच्या ऐवजी लसणाच्या ढिगापुढे बसवलं. पंजाबातून आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात मी लसूण सोलत होतो आणि भाऊ पलीकडे त्यांच्याशी बऱ्यापैकी पंजाबीत गप्पा मारत भांडी घासत होते. बोटांची आग आग झाल्यावर म्हणाले, "आता चल. आधी हात लावायचा, मग हात मारायचा." त्या दिवशीच्या डाळीची चव मला आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याही डाळीला लागली नाही. बोटांचा लसणाचा वास मात्र तीन दिवस गेला नाही.

पण भाऊंची खरी गादी बाजारात. लोक सकाळी ताजी भाजी घ्यायला जातात. भाऊ संध्याकाळी, बाजार उठायच्या वेळी जात. घासाघीस अजिबात करत नसत. "घासाघीस करणारा रुपाया वाचवतोय अन् माणूस घालवतोय," असं त्यांचं मत. ते जाऊन सरळ आवराआवरीला लागायचे. कुणाची ताडपत्री घडी करून दे, कुणाची पाटी डोक्यावर चढवून दे. अलीकडे तर भाजीवाल्या बायका आपापले फोन त्यांच्यापुढे धरायच्या, की भाऊ, त्या चष्मेवाल्यानं पैसे टाकले म्हणला, खरंच आले का बघा. भाऊ बघायचे, आणि नसतील आले तर त्या चष्मेवाल्याला शोधून आणायचे. मग आम्हाला जी वांगी मिळत ती शिल्लक राहिलेली नसत, पाटीखाली पानं झाकून वेगळी ठेवलेली असत. शेजारच्या खोलीतली पोरं आमच्या दुप्पट भाव देऊन वाळकी कोथिंबीर आणायची आणि आम्हाला कंजूस म्हणायची.

उन्हाळ्यात आमच्या पत्र्याखाली पापड भाजून निघाला असता. भाऊंनी त्यावर सार्वजनिक वाचनालयाचा तोडगा काढला होता. तिथल्या एकुलत्या एका कूलरसमोरच्या खुर्चीसाठी मारामाऱ्या व्हायच्या. भाऊंनी कूलरमध्ये पाणी भरायचं काम मागून घेतलं. झालं! पाणी भरणाऱ्यानं कूलरजवळ बसावं हे ओघानंच आलं. एक निवृत्त तलाठी रोज धुसफुसत मागच्या बाकावर बसायचे आणि भाऊ त्यांच्याकडे वळून नम्रपणे विचारायचे, "काका, वारं येतंय न्हवं तिथवर?"

दिसायला मात्र हा माणूस नवाब. शर्ट मोजकेच, पण तांब्यात निखारे घालून अशी इस्त्री करायचे की घडीनं बोट कापावं. जुन्या गावातल्या अत्तरवाल्याकडून घेतलेली एक इवलीशी कुपी होती, तिच्यात कापूस बुडवून कानात. "माणूस गरीब असला तर चालतंय, गरिबीचा वास न्हाई आला पायजे," हे दुसरं वाक्य. आंब्याच्या दिवसांत आम्ही एकच आंबा आणायचो, पण सगळ्या बाजारातला पहिला मानाचा. तो चिरायचा कार्यक्रम एखाद्या मुंजीसारखा चाले.

सहवास सुखाचा होता असं समजू नका. तेलाचा एक थेंब जास्त पडला तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. लातूरकडच्या माणसासमोर नळ सोडून दात घासणं म्हणजे देवळात चपलांसकट शिरणं. मी एकदा तसं केलं तर भाऊंनी गच्चीवरच्या टाकीचा कॉकच बंद केला आणि मला तोंडात फेस घेऊन आपाकडे पाणी मागायला पाठवलं. तिनं तांब्या दिला आणि वरून हसली. त्या दिवशी मी दुसरी खोली बघायला निघालो होतो. जिना उतरताना वर भाकरी भाजल्याचा वास आला, म्हणून राहिलो.

शेवटी भाऊंचा प्रबंध झाला. करावाच लागला, कारण मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. ती संपायच्या आत मौखिकी झाली नसती तर एवढ्या वर्षांची मेहनत रद्दीच्या भावात गेली असती. आता मौखिकी म्हणजे परीक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि उमेदवारानं उत्तरं द्यायची, असं ज्याला वाटतं त्यानं आमच्याकडची मौखिकी बघितलेली नाही. आमच्याकडे तिचं जेवण असतं. कुठे लिहिलेलं नाही, पण बाहेरचे परीक्षक, मार्गदर्शक आणि त्यांचा सगळा स्टाफ यांना उमेदवारानं मोठ्या हॉटेलात जेवू घालायचं, परीक्षकांना शाल आणि त्यांच्या मिसेसना साडी. आमच्या आधीच्या एका सीनियरनं बायकोचं गंठण गहाण ठेवून लोकांना रस्सा वाढला होता. तो डॉक्टर झाला, बायको मात्र त्यानंतर कैक महिने त्याच्याशी धड बोलली नाही.

आमच्या दोघांचे गाईड एकच. ते मूळचे विदर्भाकडचे, आणि नुकतेच लातूरच्या एका कॉलेजात प्राचार्य म्हणून गेले होते. मौखिकी आपल्या नव्या कॉलेजातच व्हावी अशी त्यांची हौस. एका दुपारी त्यांचा फोन आला. भाऊंचे हात पिठाचे होते म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"तारीख ठरली बरं का," सर म्हणाले. "आमचे क्लार्क म्हणत होते, त्या दिवशी इथे कसली तरी स्थानिक सुट्टी आहे. म्हटलं, बरंच झालं! हॉल मोकळा, शांतता. हॉटेलचं तू बघतोयस ना?"

तारीख ऐकली आणि परातीतले भाऊंचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"हाव सर. चालतंय सर," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी जी भाकरी थापली ती पुनवेच्या चंद्राला लाजवील अशी. मला काही उमजेना. "भाऊ, हॉटेलचं काय करून राहिले तुम्ही? मेन्यू तरी विचारा की."

"बघू," ते म्हणाले. "त्या दिवशी लातुरात हाटेलाचं कुणाला काम पडत न्हाई."

मी मात्र धास्तावलो. भाऊंच्या मागोमाग माझी पाळी होती. त्यात परीक्षक ऐकून होतो ते भलतेच कडक. नाशिककडचे, बोलणं सुपारी कातरल्यासारखं, आणि एकदोन उमेदवारांना त्यांनी 'परत लिहून आणा' म्हणून वाटेला लावलं होतं. अशा माणसाला उपाशी ठेवायचं म्हणजे स्वतःच्या प्रबंधाला काडी लावायची.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही बसनं लातूरला उतरलो आणि मी चरकलो. कर्फ्यू लागल्यासारखं शहर. दुकानांची शटरं खाली, ऑटो नाही, चहाची टपरी नाही, कुत्री तेवढी रस्त्याच्या मधोमध ऐसपैस झोपलेली. कॉलेजच्या पायऱ्यांवर परीक्षक उभे होते. त्यांच्या हातात भाऊंचा प्रबंध, त्यात खुणेच्या कागदी पट्ट्या जागोजाग खोचलेल्या, आणि पोटात आदल्या रात्रीपासून काही नाही. शेजारी आमचे सर कोटात घामाघूम. हॉलला हे भलंमोठं कुलूप.

"हे काय आहे?" सर भाऊंवर कडाडले. "तू हॉटेलला फोन केला होतास ना?"

"केला की सर. सकाळी उठल्याबरोबर केला. कुणी उचललाच न्हाई."

"पण आज आहे काय इथे?"

"येळवस हाय, सर," भाऊ अगदी गरिबासारखे म्हणाले.

वेळ अमावास्या, म्हणजे बोलीत येळवस, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी लातूर जिल्हा घरात थांबत नाही. कडब्याची खोप घालून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि सगळ्या गणगोतानं शेतातच जेवायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, त्याला बोलावणंही लागत नाही. आमच्या सरांना सुट्टी माहीत होती, सुट्टीचा अर्थ माहीत नव्हता. मी भाऊंना बाजूला ओढलं. "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"औश्याचा माणूस येळवस इसरंल व्हय? पण सरांनी मला तारीख सांगितली, इचारली न्हाई."

किल्ली शिपाईमामांकडे होती आणि मामा शेतात. "जवळच हाय शेत, औसा रोडला," भाऊ म्हणाले. "जाऊ अन् किल्ली घेऊन येऊ." परीक्षक रुक्षपणे म्हणाले, की मीही येतो, इथे कुलपाकडे बघत बसून काय करू. सरांच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. रस्त्यानं बैलगाड्या, ट्रॅक्टर, नव्या कोऱ्या मोटारी, सगळ्यांत बायकापोरं आणि फडक्यात बांधलेली गाडगी. प्रत्येक बांधावरून कुणी ना कुणी हात करत होतं, की या, जेवायला या. परीक्षकांनी काच खाली करून विचारलं, "हे आपल्याला ओळखतात का?" भाऊ मागच्या काचेतून बांधाला हात करत होते.

मामा कपाळभर विभूती लावून खोपीपुढे उभेच होते. "शरणार्थ, सायेब! या, या. आमचं नशीब बघा, पिन्सिपल सायेब सोता आले."

"मामा, किल्ली," सर म्हणाले.

"देतो की. किल्ली कुठं पळून चाललीय? आधी आंबील शिंपडू, मग जेवा, मग किल्ली. आज बिनजेवता कुणी शेतातनं गेलं तर मला वरीसभर खावं लागंल बोलणं."

ताक आणि ज्वारीच्या पिठाची ती आंबील मडक्यातून शेताच्या कडेकडेनं शिंपडत फिरायचं असतं, आणि आरोळी द्यायची असते. मान वयानं मोठ्या पाहुण्याचा. मामांनी मडकं परीक्षकांच्या हातात दिलं, त्यांच्या काखेतला प्रबंध काढून माझ्या काखेत. भाऊ पुढे झाले आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!"

परीक्षक पहिल्या बांधावर नुसते पुटपुटले. दुसऱ्या बांधावर त्यांनी घसा साफ केला. तिसऱ्या बांधाला मात्र असे काही गरजले की पलीकडच्या ज्वारीतले पक्षी उडाले. सगळ्यांच्या मागे आमचे सर, कोटाला हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब लागू नये म्हणून दोन्ही हात वर धरून, खालच्या आवाजात ओलगे ओलगे करत येत होते. मी हसू दाबायला प्रबंधात तोंड खुपसलं. एवढ्या वर्षांत त्या प्रबंधाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

मग पंगत बसली. ढीगभर पालेभाज्या आणि शेंगदाणे घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, खीर, आणि आंबील पाहिजे तेवढी. "मी फार जेवत नाही," असं परीक्षकांनी बसतानाच जाहीर केलं. मामींनी ते ऐकलं नसावं. नंतर परीक्षकांनाही ते आठवलं नाही. भाऊ जेवले नाहीत. ते वाढत होते. मौखिकी माणसाची, आणि तो आपला भज्जीचं गाडगं घेऊन पंगतीत फिरतोय! 

हात धुऊन परीक्षक झाडाखाली टेकले आणि म्हणाले, "प्रबंध आणा. मौखिकी खुलीच असते ना? मग इथेच विचारतो. घोषणा तिकडे करू."

मामांचं सगळं गणगोत कोंडाळं करून बसलं. परीक्षकांनी एकेक पट्टी काढायला सुरुवात केली आणि माझा सगळा हसरेपणा पळाला. प्रश्न साधे नव्हते. आकडे कुठून घेतले, अमुक गावच का निवडलं, हा निष्कर्ष इतक्या घाईनं कसा काढला. भाऊ उत्तरं देत होते, पण कानातला अत्तराचा कापूस काढून बोटांत चोळत होते. एवढे घाबरलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. एका ठिकाणी चूक निघाली, ती त्यांनी मुकाट्यानं कबूल केली. मामांच्या सासूनं मध्येच विचारलं, "अन् मागल्या बाजाराला मिरच्या कशा गेल्या?" भाऊंनी भाव सांगितला. म्हातारीनं मान हलवली आणि परीक्षकांना म्हणाली, "बराबर हाय. पास करा."

परीक्षक हसले नाहीत. शेवटची पट्टी काढून ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, की बाजार उठताना भाव सगळ्यात खाली जातो. परत वाहून नेण्यापेक्षा विकलेलं बरं, म्हणून. ठीक. पण मला सांगा, त्याच्याही खाली भाव जातो का? तुमच्या प्रबंधात त्यावर एक ओळ नाही."

 सर माझ्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. मामी खरकटं गोळा करता करता थांबल्या. भाऊंनी एकदा त्या पंगतीच्या जागेकडे बघितलं.

"जातो, सर," ते म्हणाले. "पर त्याच्या खाली गेला, की त्याला भाव म्हणत न्हाईत. त्याला 'बसा, जेवा' म्हणतेत. ते मी लिवलं न्हाई. मला ते बाजारात कुठं मांडावं कळलंच न्हाई."

ज्या माणसानं फुकट खायचं नाही म्हणून मला लसणापुढे बसवलं होतं, तो त्या झाडाखाली हे बोलत होता.  हा माणूस पास होवो न होवो, मला त्याचा अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला कधी सांगितलेलं नाही म्हणून इथे सांगतो.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "ही एक ओळ लिहून जोडा," म्हणाले. "माझं झालं."

मामा किल्ली घेऊन गाडीच्या मागे मोटरसायकलवर आले. रिकाम्या हॉलमध्ये आम्हा चार माणसांपुढे परीक्षकांनी घोषणा केली आणि भाऊ डॉक्टर झाले. शालीचं दुकान उघडं नव्हतं, म्हणून मामांनी हरभऱ्याचा एक मोठा ढाळा भाऊंच्या हातात दिला, एक परीक्षकांच्या. त्यांनी तिथेच घाटे सोलून खायला सुरुवात केली.

संध्याकाळी सर आम्हाला स्टेशनकडे सोडायला निघाले. परीक्षक पुढच्या सीटवर, मांडीवर मामींनी मिसेससाठी दिलेला भज्जीचा डबा, आणि आंबिलीनं डोळे मिटलेले. मागे मी आणि डॉक्टर. सर दात आवळून गाडी चालवत होते. मग आरशातून माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पुढची मौखिकी तुझी. तारीख मी स्वतः बघणार आहे. मौखिकी नांदेडला घेऊ, नाहीतर थेट तुझ्या भागात. तू इस्लापूरचा ना? तुमच्याकडे असलं काही नसतं ना?"

मी 'नाही सर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी माझा गुडघा दाबला.

"असतंय की सर," ते म्हणाले. "त्यांच्याकडं तर धबधब्यापाशी असतंय. तीन दिस चूल पेटत न्हाई कुणाच्या घरी."

आमच्याकडे असलं काही नसतं. माझ्या सात पिढ्यांत कुणी धबधब्यापाशी जेवलेलं नाही.

"हाव सर," मी म्हणालो. "लई माणसं येतात."

 पुढच्या सीटवर परीक्षकांनी डोळे न उघडता डबा जरा जवळ ओढला.

"कधी असतं?" त्यांनी विचारलं.